पिशवीच्या ऑपरेशनआधी तांबडं औषध की गुलाबी?

मागच्या अंकात गर्भपिशवी काढल्यानंतर टाके कसे सांभाळायचे ते लिहिलं होतं, त्यावर पत्रं भरपूर आली पण गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत टाक्यांबद्दल काहीच नाही, सगळ्यांना विचारायचंय ते टाके घालायच्या आधीचं, म्हणजे पोटाला आणि खाली ते काय रंगवतात, कुणाला तांबडं कुणाला गुलाबी असं का. ह्यावेळी तीच पत्रं घेतेय.

प्रश्न : डॉक्टरताई, माझी आणि माझ्या धाकट्या जावेची, दोघींची पिशवी सहा महिन्यांच्या अंतरानं काढली, हॉस्पिटलं वेगवेगळी. मला बीटाडीन लावलं होतं, घरी आले तरी मांड्या पिवळ्या. तिला म्हणे गुलाबी औषध लावलं आणि डॉक्टर म्हणाले हे नवीन आहे, जास्त चांगलं. मला आठव्या दिवशी टाक्यातून पाणी आलं, तिला काहीच नाही. माझ्या वेळी जुनं औषध वापरलं म्हणून असं झालं का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही हो, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. टाक्यातून पाणी यायला शुगर, वजन, रक्त किती गेलं, ऑपरेशन किती वेळ चाललं, अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिरा द्यायच्या आधी मिळालं की नंतर अशी दहा कारणं असतात. पण तुमचा प्रश्न मला आवडला कारण ह्या दोन बाटल्यांवरून डॉक्टर लोकांतही वाद होतात, आणि त्या वादात एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते, ती म्हणजे आपण नेमकं कुठे लावायचं म्हणतोय.

आधी बाटल्यांची ओळख. तांबडं ते पोविडोन आयोडीन, बीटाडीन हे त्याचं सगळ्यात माहितीचं नाव. पूर्वीच्या टिंक्चर आयोडीननं कातडी जळायची, आग व्हायची, आमच्या पिढीनं गुडघे फुटल्यावर ते अनुभवलंय. १९५५ साली अमेरिकेत आयोडीनला पोविडोन नावाच्या पदार्थात अडकवून ठेवायची युक्ती निघाली, मग ते थोडं थोडं सुटतं आणि जंतू मारतं, आग कमी. बाटलीवर १० टक्के लिहिलेलं असतं पण त्यात कामाचं आयोडीन साधारण १ टक्काच असतं. गुलाबी ते क्लोरहेक्सिडीन, इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकात आलं. म्हणजे ‘नवीन’ वगैरे काही नाही, दोघंही एकाच वयाचे. तुमच्या घरातल्या सॅव्हलॉनमध्येही थोडं क्लोरहेक्सिडीन असतं, सेट्रिमाइड नावाच्या दुसऱ्या जंतुनाशकाच्या जोडीला.

दोघांचा स्वभाव मात्र वेगळा. आयोडीन जवळपास सगळ्या जातीच्या जंतूंना मारतं, पण रक्त, पू, स्राव ह्यात मिसळलं की त्याचा जोर उतरतो, आणि वाळलं की काम संपत जातं. क्लोरहेक्सिडीन कातडीला चिकटून बसतं, तासन् तास काम करत राहतं, रक्तानं त्याला तेवढा फरक पडत नाही. पण साबण त्याचा शत्रू आहे, साध्या साबणाचा फेस राहिला असेल तर ते निकामी होतं. शिवाय डोळ्यात आणि कानात आत गेलं तर नुकसान करतं.

आता ‘कुठे’. पिशवी पोटातून काढताना दोन वेगळ्या जागा साफ कराव्या लागतात. एक पोटाची कातडी, दुसरी योनीमार्गाची आतली बाजू, कारण पिशवी काढताना योनीमार्गाचं वरचं टोक उघडतं आणि तिथले जंतू थेट पोटात जायला वाट मिळते. कातडी म्हणजे बाहेरचा गिलावा समजा आणि आतलं अस्तर म्हणजे नाजूक ओलसर पडदा, दोन्हीला एकच औषध एकाच जोरानं चालेल असं नाही.

कातडीबद्दल २०१० साली एक मोठा अभ्यास आला, अमेरिकेतली सहा हॉस्पिटलं, ८४९ पेशंट, त्यात पोटाच्या बाकी ऑपरेशनांबरोबर बायकांची ऑपरेशनंही होती. क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोल एकत्र असलेलं औषध लावलेल्यांत ९.५ टक्क्यांना जखमेचं इन्फेक्शन, आणि बीटाडीनसारखं पाण्यातलं आयोडीन लावलेल्यांत १६.१ टक्के. झालं, सगळीकडे बोभाटा की गुलाबी जिंकलं. पण त्यात मेख आहे ना, एका बाजूला अल्कोहोल होतं आणि दुसऱ्या बाजूला नव्हतं, मग श्रेय क्लोरहेक्सिडीनचं की अल्कोहोलचं? अल्कोहोल स्वतःच जंतू मारायला वस्ताद. म्हणजे एका पैलवानाला खुराक देऊन आणि दुसऱ्याला उपाशी ठेवून कुस्ती लावायची, तुम्ही कोल्हापूरच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

२०१६ साली सिझेरियनच्या ११४७ बायकांवर अभ्यास झाला त्यात मात्र दोन्हीकडे अल्कोहोल होतं, तिथे ४ टक्के विरुद्ध ७.३ टक्के, परत क्लोरहेक्सिडीनच पुढे. मग २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधून आणखी मोठा आला, ३३६० पेशंट, हृदयाची आणि पोटाची ऑपरेशनं, दोन्ही औषधं अल्कोहोलमधलीच, आणि निकाल ५.१ आणि ५.५ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी, उलट आयोडीनचा आकडा किंचित कमी. मी ह्यातून एवढंच घेते की पोटाच्या कातडीवर अल्कोहोल असलेलं औषध वापरावं, त्यातही क्लोरहेक्सिडीनवालं मिळालं तर चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ मध्ये तेच सुचवलं. पण अल्कोहोलमधलं आयोडीन लावलं म्हणून कुणी गुन्हा केला असं नाही.

आणि आत? आत जास्त अल्कोहोलचं औषध नाही म्हणजे नाही, त्यानं ते अस्तर भाजतं. म्हणून आत वर्षानुवर्षं पाण्यातलं पोविडोन आयोडीनच चालत आलंय आणि अमेरिकेत अधिकृत परवानगी ह्या कामासाठी त्यालाच आहे. पण २००५ साली एक छोटा अभ्यास झाला, खालून पिशवी काढायच्या ५० बायका, काहींना आत १० टक्के आयोडीन, काहींना ४ टक्के क्लोरहेक्सिडीन, आणि अर्ध्या तासानं आतून नमुना घेऊन जंतू मोजले. आयोडीनवाल्यांत ६३ टक्क्यांकडे परत भरपूर जंतू आलेले, क्लोरहेक्सिडीनवाल्यांत २२ टक्के. मोजले ते जंतू हां, इन्फेक्शन झालं का ते एवढ्याशा अभ्यासात कळत नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगून टाकलं की ४ टक्क्यांचं, अल्कोहोल अगदी थोडं असलेलं क्लोरहेक्सिडीन आत वापरायला हरकत नाही, विशेषतः आयोडीन चालत नसेल तर. तेव्हा तुमच्या जावेला आत गुलाबी लावलं असेल तर ठीक, तुम्हाला तांबडं लावलं असेल तरी ठीक.

एक गोष्ट मात्र दोघींना विचारावीशी वाटते. ऑपरेशनच्या आधी पांढरं पाणी, वास, खाज असं काही होतं का आणि ते तपासलं का? योनीमार्गातलं जंतूंचं संतुलन बिघडलेलं असताना पिशवी काढली तर आतल्या टाक्यांना इन्फेक्शनचा धोका वाढतो, आणि त्याला आधी साध्या गोळ्या घेता येतात. बाटली कुठली ह्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, पण ह्यावर बायका बोलत नाहीत आणि ओपीडीत गर्दी असली की डॉक्टरही विचारत नाहीत.

प्रश्न : मला कोलंबी आणि खेकड्याची अलर्जी आहे, अंगावर गांधी उठतात. माझ्या भावानं सांगितलं की बीटाडीनमध्ये आयोडीन असतं आणि मासळीत पण आयोडीन असतं म्हणून मला ते चालणार नाही. पुढच्या महिन्यात फायब्रॉइडचं, म्हणजे पिशवीतल्या गाठीचं, ऑपरेशन आहे. (रत्नागिरी)

भावाला म्हणावं काळजी केलीस ते छान, पण गणित चुकलं. कोलंबीची अलर्जी ही तिच्या स्नायूतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. आयोडीन तर तुम्ही रोज मिठातून खाता, तुमच्या थायरॉइडला ते लागतंच, त्याची अलर्जी असती तर आमटी खाऊन गांधी उठल्या असत्या. हा गैरसमज डॉक्टरांच्यात पण आहे, केसपेपरवर लाल पेननं ‘आयोडीन अलर्जी’ लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय आणि विचारलं की कळतं बाईला एकदा कोलंबी खाऊन खाज आली होती.

पण आधी कधी बीटाडीन लावल्यावर तिथेच पुरळ, फोड आले असतील तर मात्र नक्की सांगा. पोविडोनची खरी अलर्जी क्वचित असते पण असते, शिवाय औषध कमरेखाली साचून तासभर राहिलं तर कातडी भाजल्यासारखी होते, ती अलर्जी नव्हे पण त्रास होतोच. थायरॉइड जास्त चालत असेल तर तेही सांगून ठेवा.

आणि दुसऱ्या बाजूचं कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. क्लोरहेक्सिडीनची अलर्जी दुर्मिळ आहे पण झाली तर जोरात होते, बीपी पडतं, श्वास अडकतो. २०१७ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं त्याबद्दल इशारा दिला होता. दातांच्या डॉक्टरनं दिलेल्या चूळ भरायच्या औषधात हेच असतं बरेचदा, ते वापरताना ओठ सुजले, अंगभर खाज सुटली असं कधी झालं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. लोक कोलंबीचं सांगतात आणि हे विसरतात.

प्रश्न : सुनेचं सिझेरियन झालं. कळा सुरू होऊन बारा तास झाले होते, पाणी गेलेलं. आत नेल्यावर सिस्टरनं खालून आतून बीटाडीननं पुसलं असं ती सांगते. पोट कापायचं तर खालून कशाला? आणि बाळाला औषध लागलं नसेल ना? (नाशिक)

बरोबर केलं सिस्टरनं. पाणी गेलेलं आणि कळा चाललेल्या असताना खालचे जंतू वर पिशवीत चढलेले असतात, बाळ काढल्यावर तिथेच इन्फेक्शन होऊन काही दिवसांत ताप येतो, पोट दुखतं, घाण वास येतो. सिझेरियनच्या अगदी आधी आतून पुसून घेतलं तर हे प्रमाण चांगलंच कमी होतं, आणि सगळ्यात जास्त फायदा तुमच्या सुनेसारख्या, पाणी गेलेल्या बायकांना होतो. जागतिक आरोग्य संघटना आधी ह्यासाठी फक्त पोविडोन आयोडीन सांगायची, २०२१ पासून क्लोरहेक्सिडीनही चालेल म्हणते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, खर्च जवळपास शून्य, तरी अजून सगळीकडे होत नाही.

बाळाची काळजी नको, एकदा पुसलेल्यानं काही होत नाही. गरोदरपणात मात्र रोज रोज आयोडीनच्या योनीत ठेवायच्या गोळ्या, मलमं स्वतःच्या मनानं वापरू नयेत, ते आयोडीन अंगात जातं आणि बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो.

प्रश्न : मॅडम मी एका छोट्या हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे. आमचे सर फार घाईचे, बीटाडीन लावलं की लगेच ओल्यावरच चादरी टाकायला सांगतात. आता नवीन अल्कोहोलवालं आलंय त्यालाही तसंच. मी थांबा म्हटलं तर ओरडतात. खरंच थांबायला लागतं का? (गाव लिहू नका)

नाही लिहिलं गाव. आणि हो, थांबायला लागतंच. हे उत्तर सरांना दाखवायचं असेल तर कापून टेबलावर ठेवा, माझं नाव सांगा.

आयोडीनला दोन तीन मिनिटं द्यावीच लागतात, ते पोविडोनमधून हळूहळू सुटतं आणि तेव्हा मारतं, लावल्या लावल्या नाही. ओलं असतानाच कोरड्या कापडानं टिपून काढलं तर आपण रंग लावला आणि रंग पुसला एवढंच झालं. अल्कोहोलवाल्याचं तर आणखी गंभीर आहे. ते पूर्ण वाळायला कमीत कमी तीन मिनिटं, जांघेत घडीत जास्त, आणि केसांत भिजलं असेल तर तासभर लागू शकतो. ओलं असताना कॉटरी (विजेनं रक्त थांबवायचं हत्यार) लावली तर पेट घेतं. अल्कोहोलची ज्योत ओटीच्या दिव्याखाली दिसतही नाही, चादरीखाली जळत राहतं आणि आधी वास येतो. आमच्या नोकरीच्या काळात एकदा एका बाईच्या कमरेखाली औषधाचं तळं साचलेलं कुणी पाहिलं नाही, कॉटरीच्या पहिल्याच ठिणगीला चादरीच्या कडेतून धूर निघाला. नशीब बलवत्तर म्हणून चादर ओढून सलाइन ओतलं आणि मांडीवर रुपयाएवढा फोड ह्यावर भागलं. तेव्हापासून मी औषध लावून झालं की पेशंटच्या कमरेखाली हात घालून बघायचे, हातमोज्याला ओल लागली की खालचा कपडा बदला, मग पुढचं. तुम्हीही तो हात घालत जा. सर ओरडले तर ओरडू देत.

लावायची पद्धतही वेगळी आहे. आयोडीन आपण चिऱ्याच्या जागेपासून गोल गोल बाहेर नेतो आणि परत त्याच बोळ्यानं आत येत नाही. अल्कोहोल क्लोरहेक्सिडीन मात्र पुढे मागे घासायचं असतं, कोरड्या पोटावर अर्धा मिनिट, ओलसर जांघेत दोन मिनिटं. जुन्या सवयीनं सगळे तेही गोल गोल फिरवतात. बेंबी वेगळ्या बोळ्यानं, तिच्यात काय काय निघतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

आणि बाटलीकडे बघा. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत ओतायचं, ती बाटली न धुता परत भरायची, वर तारीख नाही, झाकणाऐवजी कापूस. जंतुनाशकात जंतू कसे राहतील असं वाटतं ना, राहतात! १९८०च्या दशकात अमेरिकेत पोविडोन आयोडीनच्या बाटल्यांतच सुडोमोनासच्या जातीचे जंतू सापडले होते. पाणी घालून पातळ केलेलं सॅव्हलॉन तर त्यांना घरच वाटतं. रोज ताजं करा, उरलेलं ओता, मालकांना वाईट वाटलं तरी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथे पिशवी काढायच्या आधी मला क्लोरहेक्सिडीनचा साबण दिला, आदल्या रात्री आणि सकाळी अंघोळ करायला. आईचं ऑपरेशन साताऱ्यात झालं तिला कुणी असलं काही दिलं नाही. तिची काळजी घेतली नाही का?

घेतली. आदल्या रात्री सगळ्या अंगाला साबण लावून अंघोळ करा एवढंच महत्त्वाचं आहे, तो साबण औषधी हवाच असं अमेरिकेचं सीडीसी, म्हणजे तिथलं रोगनियंत्रण खातंही, म्हणत नाही. आईनं घरच्या साबणानं चोळून अंघोळ केली असेल तर काम झालं. तुम्हाला दिलेला तुम्ही वापरा, फक्त आधी घरचा साबण लावलात तर तो पूर्ण धुऊन टाका, डोळ्यात कानात जाऊ देऊ नका, आणि खाली आत लावू नका. ओटीत आम्ही आत लावतो ते काही मिनिटांपुरतं आणि बघत बघत. अंघोळीनंतर पावडर, तेल, क्रीम काही नको. आणि तो टॉवेल ब्लीचमध्ये टाकू नका, क्लोरहेक्सिडीन आणि ब्लीच भेटले की चॉकलेटी डाग पडतो तो जन्मात जात नाही.

प्रश्न : ऑपरेशनच्या आधी आठवडाभर घरी बीटाडीनच्या पाण्यानं आतून धुतलं तर जास्त स्वच्छ होईल ना? आणि केस घरीच काढून जाऊ का, तिथे लाज वाटते. (परभणी)

दोन्हीला नाही. आत तुमचे स्वतःचे चांगले जंतू राहतात, दही लावतात त्यांचेच भाऊबंद, ते आंबटपणा टिकवतात आणि वाईट जंतूंना बाहेर ठेवतात. आठवडाभर बीटाडीन नाहीतर डेटॉल ओतलंत की आधी हेच मरतात आणि ऑपरेशनला तुम्ही जास्त वाईट अवस्थेत येता. बाहेरून साधं पाणी, बस.

केसांचं म्हणाल तर रेझर अजिबात नको. ब्लेडनं डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात, रात्रभरात त्यात जंतू घर करतात आणि सकाळी आम्ही कितीही महाग औषध लावलं तरी त्या चिरांच्या तळाशी ते पोचत नाही. केस आड येत नसतील तर काढायचीच गरज नाही, येत असतील तर तिथे मशीननं बारीक करतात, कातडीला न लागता. पूर्वी आम्हीच सरसकट आदल्या रात्री ब्लेड फिरवायला सांगायचो, तेव्हा तुमच्या आईनं, सासूनं तसं सांगितलं असेल तर ती चूक आमची. लाज वाटते म्हणाल तर सिस्टरला सांगा पडदा ओढ आणि बाकीच्यांना बाहेर काढ, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : खळ घातलेल्या सुती साडीला बीटाडीन लागलं आणि डाग तांबडा पडायच्या ऐवजी काळा निळा पडला. औषध खराब होतं का? (पुणे)

नाही, औषध एकदम ताजं होतं! खळ म्हणजे स्टार्च, आणि आयोडीन स्टार्चला भेटलं की निळं काळंच होतं, शाळेत बटाट्यावर थेंब टाकून बघितलं असेल. साडी आधी गरम पाण्यात भिजवून खळ काढा, डाग पुष्कळसा तिच्याबरोबर जाईल, मग नेहमीसारखी धुवा. आणि पुढच्या वेळी हॉस्पिटलात जाताना जुना गाऊन घालून जा.